मिसेस कोलंबो आहेत की नाहीत? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात 'कोलंबो' या जुन्या अमेरिकन मालिकेवर थोडंसं लिहिलं होतं. वाटलं होतं लोक त्याच्या रेनकोटबद्दल विचारतील, त्या खटारा प्यूजोबद्दल विचारतील, पण बहुतेक पत्रं आली ती एका अशा बाईबद्दल जी सगळ्या मालिकेत एकदाही दिसत नाही. मग म्हटलं यावेळचं सदर तिलाच देऊन टाकू.

ज्यांनी बघितली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लेफ्टनंट कोलंबो हा लॉस एंजेलिस पोलिसांतला खुनांचा तपास करणारा माणूस, काम केलंय पीटर फॉकने, आणि पात्र घडवलं रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या दोघा लेखक-मित्रांनी. १९६८ ला फॉकची पहिली टीव्ही फिल्म, १९७१ पासून नियमित मालिका, शेवटचा भाग २००३ चा, असे सगळे मिळून ६९ भाग. खून कोणी केला हे आपल्याला बहुतेक भागांत सुरुवातीलाच दाखवतात, मजा असते ती हा गबाळा माणूस त्या हुशार, श्रीमंत खुन्याला कसा पकडतो त्यात. आणि पकडता पकडता तो सतत बायकोबद्दल बोलत असतो. माझ्या बायकोला हे आवडतं, माझी बायको असं म्हणते, बायकोच्या नात्यातला अमुक एक जण आहे त्याचं असं झालं. पुढे काही भागांचे शेवट उघड केलेत, ज्यांना आधी बघायचंय त्यांनी इथेच थांबा.

प्रश्न (पुण्याहून एक वाचक): मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून सगळे भाग बघतोय, सत्तरच्या दशकातले जवळजवळ संपले. भाऊ म्हणतो बायको वगैरे काही नाहीये, तो एकटा राहतो, संशयिताला गाफील ठेवायला रचलेली गोष्ट आहे ती. त्याची दुसरी थिअरी अशी की बायको होती पण वारली आणि कोलंबो ते मान्य करत नाही. मला दोन्ही पटत नाही पण वाद घालायला पुरावा नाही. तुम्ही सांगा.

उत्तर: आहे. मिसेस कोलंबो आहेत आणि पुरावा मालिकेतच आहे, बाहेर कुठे जायला नको.

पण आधी तुमच्या भावाची बाजू नीट मांडू, कारण ती अगदीच हवेतली नाहीये. १९७१ चा 'रॅन्सम फॉर अ डेड मॅन' आठवतोय का, ली ग्रँट वकील झालीय आणि नवऱ्याला मारून अपहरणाचा बनाव करते तो? त्यात ती कोलंबोची पूर्ण पद्धत ओळखते आणि बोलून दाखवते, की हा नम्रपणा, हा विसरभोळेपणा, ह्या बायकोच्या घरगुती गोष्टी, हे सगळं वरवरचं आहे आणि तुझा डोळा असतो थेट गळ्यावर. त्याच्याआधी १९६८ च्या फिल्ममध्ये जीन बॅरीचा मानसोपचारतज्ज्ञसुद्धा कोलंबोचं असंच विश्लेषण करतो, की दिसण्यावर आणि रुबाबावर तुझं काही चालणार नाही म्हणून तू त्या उणिवेचंच हत्यार केलंयस. म्हणजे हा बाबा नाटक करतो ही कल्पना लेखकांनी स्वतःच पहिल्या दोन फिल्ममध्ये पेरलेली आहे. शिवाय नातेवाईक फारच सोयीचे असतात हेही खरं, समोरचा संशयित ज्या धंद्यातला त्याच्याशी जुळणारा कोणीतरी भाचा किंवा मेव्हणा निघतोच.

पण जरा बघा की ही थिअरी बोलतंय कोण. खुनी बोलतायत! ज्यांना त्याचं घर, त्याचं जेवण, त्याची बायको ह्या सगळ्याची किंमत शून्य वाटते असे लोक बोलतायत, आणि त्या मालिकेत त्यांचा अंदाज शेवटी काय होतो ते आपल्याला माहितीये. त्या वकीलबाईचं अर्धं बरोबर आहे, तो बायकोच्या गोष्टींचा वापर करतो हे बरोबरच आहे, पण एखादी गोष्ट वापरली म्हणून ती खोटी ठरत नाही. रेनकोटसुद्धा वापरतोच की तो, आणि रेनकोट काय खोटा आहे का, तो तर फॉकने स्वतःच्या कपाटातून आणलेला होता.

आता पुरावा. १९७५ चा 'ट्रबल्ड वॉटर्स' लावा. बायकोला चर्चच्या सोडतीत मेक्सिकोच्या बोटीची सहल लागलीय म्हणून दोघं सुट्टीवर निघालेत. सुरुवातीलाच कोलंबो धावतपळत बोटीवर येतो आणि बायकोला शोधत असतो. ह्या क्षणी खून झालेला नाहीये, संशयित नाहीये, केस नाहीये, तो ड्युटीवरसुद्धा नाहीये. मग नाटक कोणासाठी करणार? गाफील कोणाला ठेवणार? एकटा माणूस सुट्टीच्या दिवशी बोटीवर चढून नसलेली बायको शोधत फिरेल हे मला तरी पटत नाही, आणि तसं असेल तर ही मालिका रहस्याची राहतच नाही, ती एका आजारी माणसाची मालिका होते आणि मग बाकीच्या भागांत तो इतका शाबूत कसा हे समजावून सांगावं लागेल.

दुसरा पुरावा त्याच वर्षीचा, 'आयडेंटिटी क्रायसिस'. पॅट्रिक मॅगूहनने ब्रेनर नावाचा सीआयएचा माणूस केलाय. हा ब्रेनर कोलंबोच्या घरात चोरून ऐकायची यंत्रं बसवतो आणि कोलंबोला ते कळतं कसं, तर कोलंबोच्या घरी कुठलं संगीत आवडीने ऐकतात ते ह्या ब्रेनरला आधीच माहीत असतं. भावाला हा भाग परत दाखवा आणि विचारा, की ज्या माणसाने ते घर भिंतीतून ऐकलंय, ज्याचा धंदाच लोकांची गुपितं काढणं हा आहे आणि जो कोलंबोला नमवायला टपलेला आहे, त्याला त्या घरात बाई नाही असं कळलं असतं तर तो गप्प बसला असता? पहिल्या भेटीत तोंडावर फेकलं असतं त्याने. हा मला सगळ्यात भक्कम पुरावा वाटतो, कारण तो कोलंबोच्या तोंडून आलेला नाही.

वारलेल्या बायकोची थिअरी मला वाईट वाटते खरं सांगू का, वाईट म्हणजे चुकीची या अर्थाने नाही, ऐकून त्रास होतो. त्यात कोलंबोबद्दल माया आहे हे दिसतं. पण तीही वरच्या दोन भागांपुढे टिकत नाही, आणि १९९० च्या एका भागापुढे तर अजिबातच नाही, त्याचंच पुढचं पत्र आहे.

प्रश्न (नाशिकहून एक वाचक): 'रेस्ट इन पीस, मिसेस कोलंबो' बघितला आणि गोंधळले. सुरुवातच दफनविधीने होते, फोटो आहे, सगळं आहे. आणि शेवटी तो फोनवर तिच्याशी बोलतो. ती मेली की नाही? आणि फोटोतली बाई कोण?

उत्तर: मेली नाही. फोटोतली बाई तिची बहीण आहे.

तो भाग मुळात ह्याच प्रश्नावर लिहिलेला वाटतो मला. हेलन शेव्हरची व्हिव्हियन दिमित्री ही इस्टेट एजंट, तिच्या नवऱ्याला कोलंबोने तुरुंगात टाकलेलं आणि तो तिथेच गेला. तिला सूड घ्यायचाय पण कोलंबोला मारून नाही, त्याची बायको मारून, म्हणजे तिला जे भोगावं लागलं तेच त्याला भोगायला लावायचं. त्यासाठी ती कोलंबोशी ओळख वाढवते आणि बायकोसाठी म्हणून विष घातलेला लिंबाचा मार्मालेड देते. कोलंबोला संशय आधीच आलेला असतो. मग तो बायको गेल्याचा बनाव करतो, घर दाखवतो ते त्याचं नसतं, फोटो दाखवतो तो मेहुणीचा, आणि तिच्यासमोर तोच मार्मालेड खातो असं तिला वाटू देतो. ती आनंदाने सगळं कबूल करून टाकते.

इथे थिअरीवाले म्हणतात बघा, किती सफाईने खोटं बोलतो हा, मग आख्खी बायको खोटी का नसेल. पण उलट विचार करा ना. अंत्यविधी खोटा, घर खोटं, फोटो खोटा, हे सगळं त्याला उभं का करावं लागलं? कारण खरी बाई, खरं घर आणि खरा फोटो त्या बाईच्या नजरेला पडू द्यायचा नव्हता! नसलेल्या माणसाला कोणी एवढं जपत नाही. आणि सगळा सापळा संपल्यावर, व्हिव्हियनचा खेळ खलास झाल्यावर, तो बायकोला फोन लावतो. तेव्हा फसवायला कोणी उरलेलंच नाहीये. पीटर फॉकचा त्या वेळचा आवाज ऐका फक्त. सबंध भागभर त्याने शोक करणाऱ्या माणसाचं काम केलंय, आणि ते उत्तमच केलंय, पण फोनवरचा आवाज निराळा आहे, तिथे तो कुठल्याही बिऱ्हाडातला कामावरून घरी फोन करणारा नवरा आहे.

प्रश्न (न्यू जर्सीहून एक वाचक): तुम्ही सगळे उगाच भांडताय. मिसेस कोलंबोची स्वतःची मालिका होती, आम्ही इथे तिचे जुने भाग बघितलेत, केट मलग्रूने काम केलंय. मग ती आहेच ना? विषय संपला!

उत्तर: तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय तरी तुमचा पुरावा मी घेणार नाही, माफ करा.

हो, होती. १९७८ ला एनबीसीवर मूळ मालिका थांबली आणि चॅनेलला ते नाव सोडायचं नव्हतं, म्हणून १९७९ मध्ये 'मिसेस कोलंबो' नावाची मालिका आली. लेव्हिन्सन आणि लिंक दोघांचा तिला विरोध होता, पण हक्क त्यांच्या हातात नव्हते. त्यात केट कोलंबो ही एका छोट्या स्थानिक पेपरात लिहिते, लहान मुलगी आहे आणि खुनांचा छडा लावते, नवरा अर्थातच दिसत नाही. आता मलग्रूचा जन्म १९५५ चा. आणि कोलंबो बायकोबद्दल बोलतोय १९६८ पासून. म्हणजे लग्न झालं तेव्हा ही बाई फार तर १२-१३ वर्षांची! हिशोबच लागत नाही. प्रेक्षकांनाही ते पटलं नाही, मग मालिकेचं नाव बदललं, परत बदललं, तिचा घटस्फोट झाला असं दाखवलं, आडनावही कोलंबोचं कॅलाहन केलं, आणि तेराच भागांत १९८० ला सगळं बंद झालं. मलग्रूचा काही दोष नाही हां त्यात, चांगली नटी आहे, पुढे स्टार ट्रेकमध्ये कॅप्टन जेनवे म्हणून तिने नाव कमावलं.

मला ह्यात महत्त्वाचं हे वाटतं की १९८९ ला कोलंबो एबीसीवर परत आला तेव्हा घटस्फोटाचा एक शब्द नाही. बायको तशीच, न दिसणारी, घरी वाट बघणारी, बोलण्यात पूर्वीसारखीच हजर. मूळ मालिकेने त्या केटला आपलं मानलंच नाही, आणि म्हणून मीही मानत नाही. केट वेगळी, आपली मिसेस कोलंबो वेगळी.

प्रश्न (कोल्हापूरहून एक वाचक): कोलंबोचं पहिलं नाव फिलिप आहे ना? क्विझमध्ये मी हे उत्तर दिलं आणि चूक धरलं.

उत्तर: चूकच आहे, आणि ह्या चुकीवरून अमेरिकेत कोर्टात केस झालेली आहे. फ्रेड वर्थ नावाच्या माणसाने सामान्यज्ञानाचा एक जाडजूड ग्रंथ काढला होता, त्यात त्याने मुद्दाम एक खोटी माहिती घुसडली, कोलंबोचं नाव फिलिप अशी, म्हणजे कोणी त्याच्यातून चोरलं तर सापडावं. पुढे ट्रिव्हियल पर्स्यूट ह्या खेळात नेमकं तेच उत्तर आलं. त्याने १९८४ मध्ये ३० कोटी डॉलरचा दावा लावला. खेळवाल्यांनी सांगितलं की हो, त्या ग्रंथातून घेतलं, पण इतरही बऱ्याच ठिकाणांहून घेतलं आणि माहितीवर कोणाचा मालकी हक्क नसतो. वर्थ हरला.

पडद्यावर बघायचं तर १९७१ च्या 'डेड वेट' भागात ओळखपत्र जवळून दिसतं, त्यावर फ्रँक असं आहे. पण बोलून नाव कधी सांगत नाही तो. १९७४ च्या 'बाय डॉन्स अर्ली लाइट'मध्ये तो लष्करी शाळेचा कर्नल त्याला विचारतो की तुम्हाला पहिलं नाव आहे का, तर हा म्हणतो आहे, पण ते वापरणारी बहुतेक माझी बायकोच. पुण्याच्या भावाला हेही दाखवा. कर्नल संशयित आहे हे मान्य, पण हे उत्तर गाफील ठेवायला दिलेलं वाटत नाही, ते दार लावून घेणं आहे. नाव घरच्यांसाठी, तुझ्यासाठी नाही.

प्रश्न (गोव्याहून एक वाचक): पीटर फॉकची खरी बायको मालिकेत होती असं ऐकलं. तीच मिसेस कोलंबो का?

उत्तर: नाही, पण ऐकलेलं खरं आहे. शेरा डनीस. दोघांचं लग्न १९७७ मध्ये झालं आणि ती एकूण सहा भागांत आहे, पहिला १९७६ चा 'फेड इन टू मर्डर', शेवटचा १९९७ चा 'अ ट्रेस ऑफ मर्डर'. दरवेळी वेगळं पात्र. म्हणजे फॉकची बायको पडद्यावर येऊन गेली सहा वेळा आणि कोलंबोची एकदाही नाही. तिला मिसेस कोलंबो करणं किती सोपं होतं, लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि तरी केलं नाही हे मला फार आवडतं.

प्रश्न (मुंबईहून एक वाचक): सगळी पात्रं काल्पनिकच आहेत. मग काल्पनिक माणसाची काल्पनिक बायको खरी की खोटी ह्याने काय फरक पडतो? वेळ घालवायचा धंदा वाटतो.

उत्तर: फरक पडतो, बराच पडतो. तुम्ही कोणाला बघताय तेच बदलतं.

बायको नाही असं धरलं तर कोलंबो हा सगळ्यांशी सतत खोटं बोलणारा थंड डोक्याचा माणूस होतो. पण पडद्यावर जो दिसतो तो तसा नाहीये हो. १९७३ च्या 'एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म'मध्ये डोनाल्ड प्लेझन्सचा वाइन बनवणारा खुनी आहे, त्याला तुरुंगात नेण्याआधी कोलंबो गाडीत त्याच्याबरोबर वाइन पितो आणि दोघांना एकमेकांबद्दल आदर आहे. १९७५ च्या 'फरगॉटन लेडी'मध्ये जॅनेट लीची जुनी नटी आजाराने स्मृती घालवून बसलीय, आपण खून केलाय हेच तिला आठवत नाही, तिचे दिवस थोडे उरलेत, आणि तिच्यावर प्रेम करणारा माणूस गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतो तर कोलंबो त्याला घेऊ देतो. इतकी वर्षं खुन्यांच्या मागे फिरून एवढी माया शिल्लक राहिलेला माणूस रोज कुठून तरी येतो ना. मला विचाराल तर घरून येतो. ते घर आपल्याला दाखवत नाहीत, बायको दाखवत नाहीत, पण त्याच्या बोलण्यातून आपण ते जवळजवळ पाहिलेलं असतं, तिला काय आवडतं, ती कोणाची फॅन आहे, तिच्या माहेरची माणसं किती आहेत. आपल्याकडे पण असतात की असे गृहस्थ, दर दोन वाक्यांनी 'आमची ही म्हणते' सुरू होतं, आपण त्या बाईंना कधी भेटलेलो नसतो आणि तरी त्यांचा स्वभाव आपल्याला पाठ असतो.

आणि नातेवाइकांच्या गोष्टींबद्दल, भाचा मेव्हणा वगैरे, तिथे मी हट्ट धरणार नाही. त्यातल्या बऱ्याच त्याने जागच्या जागी जुळवलेल्या असतील. हुशार पोलीस आहे तो. गोष्टी जुळवलेल्या, बायको खरी, असं माझं म्हणणं आहे आणि हे दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

प्रश्न (औरंगाबादहून एक वाचक): मी एकही भाग बघितला नाही. ह्या वादासाठी म्हणून बघायचं तर कुठून सुरू करू?

उत्तर: 'रॅन्सम फॉर अ डेड मॅन' आधी, म्हणजे आरोप काय आहे ते त्या वकीलबाईच्या तोंडून ऐकाल. मग 'ट्रबल्ड वॉटर्स', त्याच्या पाठोपाठ 'आयडेंटिटी क्रायसिस'. त्यानंतर मध्ये कुठलेही पाच-सहा भाग बघा, सत्तरच्या दशकातले, क्रमाची गरज नाही कारण प्रत्येक गोष्ट स्वतंत्र आहे. 'रेस्ट इन पीस, मिसेस कोलंबो' मात्र लगेच लावू नका. तिची ओळख नीट झाल्याशिवाय त्या पहिल्या दफनविधीच्या प्रसंगाने पोटात गोळा येत नाही, आणि तो यायला हवा. केटवाली मालिका सापडलीच तर सगळ्यात शेवटी.